दोन लाल, चार पिवळ्या

४ फेब्रुवारी

आज ताईने फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि आईची बॅग कशी बदलतात ते मला पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवलं. आधी हात धुतले. असे घासून धुतले की मला वाटलं आता कातडी निघून येते. मग खिडकी बंद, पंखा बंद, दोघींच्या तोंडाला मास्क. आईच्या पोटातून वीतभर नळी बाहेर आलीय, ती बॅगेच्या नळीला जोडली. भरलेली बॅग वर खुंटीला, रिकामी खाली फरशीवर. आधी पोटातलं जुनं पाणी खाली उतरलं, पिवळसर. मग वरचं नवीन पाणी पोटात गेलं. ते चार-पाच तास आत राहणार, मग पुन्हा हेच. दिवसातून चार वेळा. आईच्या दोन्ही किडन्यांनी काम टाकल्यापासून रक्तातली घाण हे पाणी काढतं. पोटाच्या आत कसलातरी पातळ पडदा असतो म्हणे, त्यातून.

आई तेवढ्यात माझ्याशी गप्पा मारत होती, जणू कोणी तिची वेणी घालतंय. म्हणाली, बारीक झालास. मी म्हटलं, फोनमध्ये सगळेच बारीक दिसतात. तर म्हणाली, मग माझे पाय दाखव ग याला, बघू बारीक दिसतात का. ताईने पाय दाखवले. घोटा कुठे संपतो आणि पोटरी कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. अंगात पाणी साठलंय. तिला दिवसाला मोजकंच पाणी प्यायचं असतं, पण आई कसली ऐकते.

शेवटी ताई एकटी बोलली. शिवणाच्या कारखान्यातली नोकरी तिने सोडलीय. मालकीणबाईंनी जागा राखून ठेवलीय, पण त्या तरी किती दिवस ठेवणार. चार बॅगा म्हणजे दिवसभर बाहेर पाऊल टाकता येत नाही. रडली नाही ताई. ती रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

मुकादमाला सुट्टी मागितली होती. हंगाम संपेपर्यंत नाही म्हणाला. माझे ओळखीचे सगळे कागद ऑफिसच्या कपाटात जमा आहेत, त्यामुळे तो नाही म्हणाला म्हणजे नाहीच. सहावीतून शाळा सुटली त्यानंतर एवढं सलग आजच लिहिलं. बोटं दुखतायत.

७ फेब्रुवारी

फळं पाकात मुरवून, सुकवून विकायचा हा कारखाना. केकमध्ये, पावात जे रंगीत चकचकीत तुकडे दाताखाली येतात ते आमच्यासारख्या कारखान्यातून जातात हे मला इथे आल्यावर कळलं. मी पाणीखात्यात. संत्र्याच्या साली मिठाच्या पाण्यात भरलेल्या पिंपांतून येतात, नाहीतर वाटेत सडतील. त्या हौदात ओतायच्या, वर साधं पाणी सोडायचं, काही तास ठेवायचं, पाणी सोडून द्यायचं, नवीन भरायचं. असं चार वेळा. मग साली उकडायला आणि पाकाला जातात. झालं माझं काम. नळ उघड, नळ बंद कर. एखादी म्हैस पण शिकेल, फक्त तिला गमबूट मिळणार नाहीत.

मला एका जागी टिकवत नाही हा माझा जुना रोग आहे. याआधी बर्फाच्या गोदामात होतो, त्याआधी गाड्या धुवायला, त्याआधी खोकी चिकटवायला. इथे निदान पाकखातं आहे. तिथला म्हातारा, त्याला सगळे पाकमामा म्हणतात, त्याच्याकडे जायला मिळालं तर मी टिकेन. तिथे वाफ असते, वास असतो, माणूस काहीतरी करतोय असं वाटतं.

माझ्या खोलीतला जोडीदारही पाणीखात्यातच आहे. घोरतो म्हणून त्याला घोरपड म्हणतात. तो म्हणतो, तुला काय घाई आहे, पाणी बदलत राहा, पगार येत राहील. त्याला काहीच घाई नाही. तो जेवतानाही प्रत्येक घासाला निरोप देतो.

१२ फेब्रुवारी

आज जेवणाच्या सुट्टीत पाकमामांकडे गेलो. त्यांनी मला एक गंमत दाखवली. वाटीत दाट पाक घेतला, त्यात उकडलेली साल टाकली आणि म्हणाले, बस बघत. थोड्या वेळाने सालीभोवतीचा पाक पातळ झाला. वर पाण्यासारखा थर. मी विचारलं, पाणी कुठून आलं? म्हणाले, सालीतून. साखर पाणी ओढून घेते. पाक जेवढा दाट तेवढी ओढ जास्त.

मी वाटीकडे बघत राहिलो आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. आईच्या बॅगेत साखरच असते! ताईने सांगितलं होतं, पिवळ्या टोपणाच्या बॅगेत कमी, हिरव्यात मधली, लाल टोपणाच्या बॅगेत सगळ्यात जास्त. लाल बॅगांचं खोकं पलंगाखाली असतं, पाय फारच सुजले तर एखादी वापरा असं हॉस्पिटलच्या नर्सबाईंनी सांगितलंय. म्हणजे आईचं पोट म्हणजे ही वाटी. पिवळ्या बॅगेने जेवढं पाणी ओढायला चार वेळा लागतात, तेवढं लाल बॅग दोन वेळांतच ओढेल. एक सकाळी, एक रात्री. मधला दिवस मोकळा.

सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी मी तिथेच. मामा म्हणाले, अरे सालीवर एवढं प्रेम कोणी करतं का, जा.

१३ फेब्रुवारी

ताईला सांगितलं. आधी तिला पटेना. म्हणाली, नर्सबाईंना विचारते. मी म्हटलं, त्यांना विचारलंस की त्या नाहीच म्हणणार, त्यांना छापील सांगायचं असतं. मी रोज डोळ्यांनी बघतोय. साखर पाणी ओढते, एवढी साधी गोष्ट आहे. ताई म्हणाली, चार वेळा सांगितलंय ते काही उगाच सांगितलं असेल का. मी म्हटलं, कमी साखरेच्या म्हणून चार. तू लाल वापर, दोनमध्ये भागेल, दिवसा कामाला जा. ती गप्प झाली. कामाला जा म्हटल्यावर गप्प झाली हे माझ्या लक्षात आलं.

आई पलीकडून सगळं ऐकत होती. फोन घेतला आणि ताईलाच सुनावलं, "त्याचं रोजचं हातातलं काम आहे ते. आपण दोघी घरात बसून काय अक्कल पाजळणार? तो म्हणतो तसं करू."

मी सहावी नापास झालो तेव्हा शेजारपाजारच्यांना "शाळेतच काहीतरी गडबड आहे" असं सांगत फिरणारी हीच आई. आज मात्र मला तिचं ऐकून बरं वाटलं. इतके दिवस मी नुसतं "काळजी घे" म्हणत होतो. काळजी घे म्हणायला काय, भिंतही म्हणेल.

२१ फेब्रुवारी

सूज उतरली!

ताईने स्वतः फोन केला. आईचे घोटे दिसायला लागले. चपला पायात जातात. आईने फोनसमोर चालून दाखवलं, जरा दमली, पण चालली. ताई सोमवारपासून कारखान्यात जातेय. निघायच्या आधी एक लाल, आल्यावर एक लाल. ताईच्या आवाजात किती दिवसांनी जीव होता. म्हणाली, डॉक्टरसाहेब, फी किती झाली? मी म्हटलं, उधार ठेवतो.

घोरपडीला सांगितलं तर म्हणाला, आता माझ्या गुडघ्यासाठी कुठल्या रंगाची बॅग ते पण सांग.

२८ फेब्रुवारी

आईचा फोन, दुपारी, एकटीच होती. ताई घरात नसली की ती मला फोन करते आता. तुझी युक्ती झकास चालली आहे असं आधी सांगून टाकलं. मग बाकीचं. अंगाला खाज सुटते म्हणाली, पाठीवर जास्त. मी म्हटलं, पाणी अंगातून गेलंय म्हणून कातडी कोरडी पडली असेल, तेल लाव. जेवण अळणी लागतं, नाही, अळणी नाही, लोखंड चाटल्यासारखं लागतं. मी विचारलं ताईने नवीन कढई घेतली का. ती म्हणाली, हो बहुतेक, तसंच असेल.

म्हटलं, ताईला सांगितलंस का? तर म्हणाली, तिला कशाला. ती लगेच नर्सबाईंकडे पळेल आणि त्या परत चार बॅगा लावतील. तुझं सगळं केलेलं फुकट जाईल.

दोघी महिनाअखेरच्या तपासणीला गेल्या नाहीत. ताईला रजा मिळाली नाही आणि आई म्हणाली पुढच्या महिन्यात जाऊ, आता तर बरंच आहे.

६ मार्च

माझं पण नशीब उघडलं म्हणायचं. पाकमामांनी मुकादमाला सांगितलं की हा पोरगा पाकाकडे लक्ष देतो, हंगाम वाढला की माझ्याकडे द्या. आता रोज दोन-दोन तास मी पाकखात्यातच असतो.

वेळ कुठून काढतो? डोकं वापरून. सालींचं पाणी चार वेळा बदलायचं असतं, मी दोनदाच बदलतो. पण ठेवतो दुप्पट वेळ. हिशोब तोच झाला. घोरपड आपल्या हौदाचं पाणी चार वेळा बदलतो आणि माझ्याकडे बघून मान हलवतो. मी म्हटलं, बाबा, तू म्हशीसारखं काम करतोस, मी माणसासारखं. साली दिसायला अगदी एकसारख्या, त्याच्या आणि माझ्या. शेजारी ठेवल्या तर त्यालाच ओळखता येईना.

१२ मार्च

आईला उचकी लागलीय, कालपासून. फोनवर बोलताना मध्येच. म्हणाली, तूच आठवण काढत असशील, जरा थांबव, मला झोपू दे. मी म्हटलं, बरं, अर्धा तास नाही काढत. हसलो दोघे. मग ती एवढा वेळ काही बोलली नाही की मला वाटलं फोन कट झाला. झोप लागली होती तिला, बोलता बोलता. आराम पडला की झोप येतेच माणसाला. इतके महिने कुठे धड झोपली होती.

ताई म्हणते आई जेवत नाही, सकाळी उलटी झाली. मी म्हटलं, पोटात चोवीस तास पाणी भरलेलं, त्यात जेवणार कुठे. ताई म्हणाली, रविवारी मी नर्सबाईंना फोन करणार. कर म्हटलं. थोडा राग आला मला. सूज उतरली ती कोणामुळे?

१८ मार्च

सगळं लिहितो.

सकाळी कारखान्यात माल परत आला. संत्र्याच्या सालीची खोकी, रंग सोन्यासारखा, चकचकीत, पाक शेवटपर्यंत मुरलेला. मुकादमाने एक खोकं फोडलं आणि सगळ्यांना एकेक तुकडा चाखायला लावला, एकेकाच्या तोंडाकडे बघत. वरून गोड. दात बसला की आत मिठाचा खार, आणि त्यामागे कडू. मी थुंकलो. खोक्यांवर हौदाचे आकडे असतात. सगळे माझे.

मुकादम जे बोलला ते लिहायची गरज नाही. पाकमामा ओरडले नाहीत, तेच वाईट. बाजूला नेऊन विचारलं, पाणी किती वेळा बदललंस? दोनदा, म्हटलं, पण दुप्पट वेळ ठेवलं. मामांनी कपाळाला हात लावला.

म्हणाले, "वेळ ठेवून काय होतं? साल खारट, पाणी गोडं, म्हणून खार बाहेर येतो. येत येत पाणीही तेवढंच खारट झालं की संपलं. मग दोघं बसतात एकमेकांचं तोंड बघत. तू रात्रभर ठेव नाहीतर वर्षभर ठेव. नवीन पाणी घातल्याशिवाय आतला खार हलत नाही."

मी म्हटलं, पण पाक तर दाट होता, त्याने ओढलं असेल ना. ते म्हणाले, पाक पाणी ओढतो रे. खार काढणं पाकाचं काम नाही. ते वेगळं, हे वेगळं. चार वेळा पाणी बदलायचं ते त्यासाठीच.

ते वेगळं, हे वेगळं. मी तिथेच पिंपावर बसलो. मामांना वाटलं मालामुळे.

आमचे फोन कामावर कपाटात बंद असतात. मी मुकादमाला म्हटलं, आईला फोन करायचाय, आत्ता. तो म्हणाला, माल नासला की सगळ्यांनाच आई आठवते. पाळी सुटेपर्यंत मी हौदांचं पाणी बदलत होतो. नळ पूर्ण उघडला तरी हौद भरायला किती वेळ लागतो ते आज कळलं.

दुपारी फोन हातात आला. ताईचा वाजत राहिला. आईने उचलला. उचकी. म्हटलं, आई, आजपासून परत चार बॅगा, पिवळ्या, माझं चुकलं, ताईला सांग. ती म्हणाली, का रे, छान चाललंय की. जीभ जड झाल्यासारखं बोलत होती. मग म्हणाली, दादा, तू कधी आलास, बस ना.

दादा म्हणजे तिचा भाऊ. मी लहान असतानाच गेला तो.

मी म्हटलं, आई, मी आहे. ती म्हणाली, हो, बस. मी म्हटलं, घरात कोण आहे? शेजारच्या काकूंना हाक मार. ती म्हणाली, मारते, आणि मारलीच नाही. नुसता श्वास आणि उचकी ऐकू येत होती. फोन ठेवावा तर ती तुटणार, आणि ठेवला नाही तर दुसऱ्या कोणाला सांगणार? घोरपडीचा फोन हिसकावून घेतला. एका कानाला आई, दुसऱ्या कानाला ताईचा फोन, वाजतोय. ताईच्या कारखान्यातही फोन कपाटात ठेवायला लावतात. रोज या वेळी ती घरी असायची, दुपारची बॅग बदलायला. तिला कामावर मीच पाठवलं.

काकूंचा नंबर माझ्याकडे नाही. एवढी वर्षं त्या घराच्या भिंतीला भिंत लावून राहिल्या, मी कधी घेतलाच नाही. घोरपड म्हणाला, जोरात ओरड, फोनमधून शेजारी ऐकू जाईल. मी ओरडलो. काकू, काकू करून ओरडलो. खोलीतली सगळी माणसं गोळा झाली. आई म्हणाली, हळू, कोणीतरी झोपलंय.

मग तिचा आवाज थांबला. फोन चालूच. पंख्याचा आवाज येत होता. मी ऐकत राहिलो, ताई कामावरून घरी येईपर्यंत. दार उघडल्याचं ऐकलं. ताईने आईला हाक मारलेली ऐकली, एकदा, दोनदा, मग वेगळ्या आवाजात. मी ओरडून सांगत होतो हॉस्पिटल, हॉस्पिटल. तिने फोन कुठे पडलाय ते बघितलंच नाही.

१९ मार्च

ताईचा निरोप: श्वास आहे. शुद्ध नाही. मानेतून नळी घालून मशीनवर रक्त साफ करतायत. तू फोन करू नकोस सारखा.

२० मार्च

ताईचा काही निरोप नाही. मुकादमाला पुन्हा विचारलं. म्हणाला, खराब झालेल्या मालाचं निस्तरेपर्यंत तू कुठेही जाणार नाहीस. कारखान्याचे साहेब भेटत नाहीत. कागदांच्या कपाटाची किल्ली साहेबांकडे.

२३ मार्च

आईने डोळे उघडले. ताईला ओळखलं.

ताईचा फोन आला, थोडाच वेळ. डॉक्टर खूप बोलले म्हणाली. अंगातलं पाणी काढलंत आणि घाण आत ठेवलीत, सूज नाही म्हणजे सगळं ठीक असं समजलात, असं म्हणाले. बॅगा निम्म्या कोणाला विचारून केल्या, असं विचारलं. ताई म्हणाली, मीच केल्या, मला कामाला जायचं होतं म्हणून. वॉर्डातल्या सगळ्या लोकांसमोर.

मी म्हटलं, माझं नाव का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तुझं नाव सांगून काय झालं असतं? तिथे मी उभी होते.

तिने फोन ठेवला. कारखान्यातली जागाही गेली तिची, हे मला नंतर काकूंकडून कळलं. काकूंचा नंबर आता आहे माझ्याकडे.

२७ मार्च

नर्सबाईंना फोन केला. नंबर मिळवायला दोन दिवस लागले. एकदम सांगून टाकलं, ताईची चूक नाही, मी सांगितलं होतं. मी इथे पाकाच्या कारखान्यात आहे, मला वाटलं मला कळलंय.

मला वाटलं आता झापतील. म्हणाल्या, "अच्छा, तो मुलगा तुम्ही. तुमच्या आईंना मी खाजेबद्दल, उलटीबद्दल फोनवर दोनदा विचारलं होतं, एकदा तुमच्या बहिणीने रविवारी फोन लावला तेव्हा, पण बोलल्या आईच. काहीच नाही म्हणाल्या. उलट मलाच सांगत होत्या, माझ्या मुलाला यातलं सगळं कळतं, तुम्हाला काही अडलं तर विचारा त्याला."

मी विचारलं, आता काय करू? त्या म्हणाल्या, तुम्ही तिकडून काय करणार. वाईट बोलल्या नाहीत, थकल्यासारखं बोलल्या. थोडी लघवी होत होती ती आता बंद झाली आहे, ती परत येईल असं वाटत नाही. काही आठवडे मशीन, मग पोटाच्या बॅगा परत सुरू करून बघू. चार. चुकवायची एकही नाही. मी म्हटलं, हो. जणू मीच बदलणार होतो.

आईने त्यांना खोटं का सांगितलं ते मला कळत नाही. मला तर ती सगळं सांगत होती, खाज, लोखंड, उचकी. मीच हसण्यावारी नेलं. पण त्यांना सांगायचं ना.

४ एप्रिल

पाणीखात्यात आहे. पाकखात्याचं नाव कोणी काढत नाही, मीही नाही. घोरपड आज माझ्या हौदाजवळ येऊन नळ पकडून उभा राहिला. नंतर म्हणाला, तू बसतोस का जरा. मी बसलो नाही.

११ एप्रिल

आई घरी आली. पिवळ्या बॅगा सुरू, चार. ताई घरीच.

आज पहिल्यांदा आईशी नीट बोलणं झालं. ताईने फोन तिच्या उशीला टेकवून ठेवला. चेहरा अर्धाच दिसत होता, गाल बसलेत. आवाज मात्र तोच. मी आधीच ठरवलं होतं ते म्हणालो, आई, माझ्यामुळे झालं हे सगळं.

तर म्हणाली, "तुझ्यामुळे काय? तू सांगितलंस ते बरोबरच होतं. मीच मध्ये चोरून पाणी प्यायले. ताईला नको सांगूस."

मी म्हटलं, तसं नाही आई, पाण्याचा संबंधच नाही, पाणी वेगळं आणि घाण वेगळी. मी सगळं समजावून सांगितलं, साल, खार, हौद. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, असेल. पण मी होते ना इथे, मला माहीत आहे, पाण्यानेच झालं. मी पुन्हा सांगायला लागलो तर म्हणाली, जाऊ दे रे, दमते मी.

मग म्हणाली, बरं, आता परत पाय जड वाटतायत जरा. काय करू, सांग.

मी म्हटलं, नर्सबाईंना विचार.

"त्यांना विचारतेच. तू काय म्हणतोस?"

मी म्हटलं, मी काही म्हणत नाही. मला त्यातलं काही कळत नाही, आई. त्या सांगतील तसं कर.

ती म्हणाली, बरं. मी जेवलीस का विचारलं, ती हो म्हणाली. तू, तिने विचारलं, मी हो म्हटलं. तिने ताईला हाक मारून फोन उचलायला सांगितला. ताई फोन घेऊन दाराकडे जात असताना आईचा आवाज आला, तिला वाटलं मला ऐकू जात नाही.

"तो रागावलाय का ग माझ्यावर?"

ताईने काय उत्तर दिलं ते कळलं नाही. फोन बंद झाला होता.